'माय फेअर लेडी' (१९६४): आईसाठी कोणती डिस्क घेऊ?

स्नेहल_सांगली

नमस्कार मंडळी. दिवाळीत आईला 'माय फेअर लेडी' भेट द्यायचा आहे. आई हायस्कूलला इंग्रजी शिकवायची. भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' (याच गोष्टीवरचं मराठी नाटक) तिनं रंगमंचावर पाहिलेली, आणि त्यातलं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' तिला अजून तोंडपाठ आहे. हा सिनेमा मात्र तिनं टीव्हीवर जाहिरातींच्या मधून, तुकड्यातुकड्यांत पाहिलाय. एकदा सलग आणि नीट बघायचाय असं ती कितीदा तरी म्हणते.

शोधायला गेले तर डोकं गरगरायला लागलं. जुनी डीव्हीडी आहे, २०११ची ब्लू-रे आहे (एक जण वापरलेली स्वस्तात देतोय), २०१५ची ब्लू-रे आहे आणि वर त्याहून स्पष्ट चित्राची फोर-के डिस्क. घरी ५५ इंची फोर-के टीव्ही आहे, साधा डीव्हीडी प्लेअर आहे आणि भाच्याचा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ आहे. मामेभाऊ अमेरिकेहून दिवाळीला येतोय, त्यामुळे तिकडून मागवता येईल.

दुसरं म्हणजे, ज्यांनी अलीकडे पाहिलाय त्यांना आज कसा वाटला? मी लॅपटॉपवर पाहिला. गाणी फार आवडली, पण फूलवाल्या एलायझाला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्सचा राग राग आला. आणि तीन तास! आई कंटाळणार तर नाही ना?

रीळ_नंबर_सहा

माझं प्रामाणिक मत विचाराल तर डिस्कवर पैसे घालू नका. ओटीटीवर अधूनमधून येतो, तेव्हा पाहून घ्या. सिनेमा देखणा आहे, पण नाटकासारखा एका जागी बसून राहतो. मध्यंतरानंतर तर माझी चुळबुळ सुरू झाली. त्याच काळातला 'साउंड ऑफ म्यूझिक' बघा, तो निदान डोंगरावर तरी नेतो.

पेटीवादक

स्नेहलताई, डिस्क घ्याच, आणि २०१५ची किंवा त्यानंतरचीच घ्या. जरा सविस्तर लिहितो, कारण हा सिनेमा आवडला की नाही हे कोणत्या प्रतीवर पाहिलात यावर बरंच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

मी पेटीची साथ करतो आणि शिकवतो. या सिनेमाच्या गाण्यांची एलपी आमच्या घरी होती, त्यामुळे गाणी आधी कानात बसली आणि सिनेमा फार नंतर पाहिला, तोही मामांनी लंडनहून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. पहिल्याच गाण्याला काहीतरी खटकलं. शब्द तेच, चाल तीच, आवाज मात्र चढे आणि थोडे पातळ. पेटी काढून बसलो. एलपीवरची गाणी पेटीवर सरळ वाजत होती, कॅसेटवरची कुठल्याच पट्टीत बसेनात. एक पट्टी वर घेतली तर पेटी चढी होई, मूळ पट्टीत घेतली तर उतरी. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता.

याचं कारण साधं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत होती, ती सेकंदाला २५ चौकटींची. मग २४चा सिनेमा २५च्या वेगानं पळवायचा, हा तिथला सरधोपट मार्ग. वेग चार टक्क्यांनी वाढतो, १७० मिनिटांचा सिनेमा जवळजवळ सात मिनिटं आधी संपतो आणि आवाजाची वेगळी दुरुस्ती केली नाही तर सगळे सूर पाऊण पट्टी वर जातात. मारामारीच्या सिनेमात हे कळणारही नाही. गाण्यांच्या सिनेमात, आणि त्यातही हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनच्या गाण्यांत, यानं फार नुकसान होतं.

कारण हॅरिसन रूढ अर्थानं गातच नाही. तो तालावर बोलतो, मध्येच एखादा शब्द सुरावर टेकवतो आणि पुन्हा बोलण्यात येतो. ही भूमिका तो १९५६पासून ब्रॉडवेवर करत होता. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला त्यानं साफ नकार दिला, कारण तो एक ओळ दोनदा सारखी म्हणतच नसे. शेवटी त्याच्या टायमागे छोटा बिनतारी माईक दडवला आणि गाणी सेटवरच, कॅमेऱ्यासमोर मुद्रित केली. १९६३ साली ही सोपी गोष्ट नव्हती. सिनेमाला मिळालेल्या आठ ऑस्करांपैकी एक ध्वनीसाठी आहे, आणि ते अगदी योग्य हाती गेलं असं मी मानतो.

आता शेवटाकडचं त्याचं ते गाणं घ्या. एलायझा निघून गेलीय, हिगिन्स एकटा घराकडे चालतोय. आधी तो चडफडतो, तिचं कसं वाटोळं होईल याची चित्रं रंगवतो, त्या चित्रांत स्वतःच रमतो. मग रागाचा जोर ओसरतो. आवाज खाली येतो, शब्दांमधली जागा वाढते, आणि तिच्या चेहऱ्याची सवय झालीय ही कबुली तो जवळजवळ पुटपुटतो. तिथे वाद्यवृंद त्याच्या मागून चालतो, चांगला साथीदार गवयाच्या मागून चालतो तसा. वाद्यवृंद चालवणाऱ्या आंद्रे प्रेव्हिननं हे काय सांभाळलंय! कॅसेटवर त्या ओळींमधला श्वास मला कधी ऐकू आला नव्हता. २०१५च्या ब्लू-रेवर तो ऐकू येतो. त्या श्वासामुळे हा माणूस पहिल्यांदा हरलेला दिसतो. स्नेहलताई, तुम्हाला त्याचा राग आला हे बरोबरच आहे, तो उर्मटच आहे. पण लॅपटॉपच्या स्पीकरवर त्याचा उर्मटपणा तेवढा पोचतो आणि त्याचं मोडणं पोचत नाही.

चित्राचंही असंच. हा सिनेमा सुपर पॅनाव्हिजन ७० पद्धतीनं, ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर काढलेला आहे. पडदा २.२० : १, म्हणजे उंचीच्या सव्वादोनपट रुंद. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापून बसवला की चौकटीचा सुमारे ४० टक्के भाग गेलाच. आणि जातो तो नेमका वेशभूषाकार सेसिल बीटनचा भाग. ॲस्कॉटच्या शर्यतीचा प्रसंग आठवा: पांढऱ्या, काळ्या आणि राखी रंगांत सजलेली माणसं ओळीनं उभी, कोणी हलत नाही, टोप्या एवढाल्या रुंद की एकीची किनार दुसरीच्या खांद्यावर यावी. राजे सातवे एडवर्ड वारले त्या वर्षी, १९१०मध्ये, ॲस्कॉटला सगळे सुतकी काळ्यात आले होते, त्याची छाया या पोशाखांवर आहे. ही रांग पडदाभर पसरलेली असते तेव्हाच तिच्यातला ताठरपणा कळतो. घोडे क्षणात पळून जातात, कॅमेरा माणसांवरच राहतो. शर्यत कोणाला बघायचीच नाहीये, आपण दिसतो कसे एवढीच चिंता. मग त्या निर्जीव रांगेत एलायझा घोड्याच्या नावानं ओरडते. कापलेल्या चित्रात हा फुटलेला बांध निम्म्यानं कमी होतो.

रीळ_नंबर_सहा म्हणतात की सिनेमा नाटकासारखा आहे. आहेच. कॉव्हेंट गार्डनसकट सगळं लंडन कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओत उभारलेलं आहे. दिग्दर्शक जॉर्ज कुकोर यांनी ते लपवलेलं नाही. संगीत नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला यात अडचण वाटू नये. पात्र बोलता बोलता पदात शिरतं आणि पद संपलं की तिथूनच बोलणं उचलतं, हे आपल्याला परकं नाही. लांबीबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूनं. एलायझाच्या बापाचं, म्हणजे डूलिटलचं, लग्नाआधीचं रात्रभराचं गाणं मलाही लांबल्यासारखं वाटतं, स्टॅन्ली हॉलोवे कितीही गोड असला तरी.

डिस्कांचं थोडक्यात. १९९४ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी सिनेमा दुरुस्त केला, कारण मूळ निगेटिव्हची अवस्था वाईट झाली होती. डीव्हीडी त्या कामातून आल्या. २०११ची ब्लू-रे जुन्याच मास्टर प्रतीवरून काढलेली, रंग मलूल आणि चेहरे मऊ. जाणकारांनी ती तेव्हाच नापसंत केली होती. पन्नाशीच्या निमित्तानं मूळ ६५ मिलिमीटरच्या फिल्मवरून ८के स्कॅन घेऊन नव्यानं काम झालं, ते २०१५च्या ब्लू-रेवर आहे. २०२१मध्ये त्याचीच फोर-के आली. वापरलेली स्वस्तातली २०११ची घेऊ नका. मुखपृष्ठावर फसू नका, मागे छापलेलं वर्ष बघा.

एडिसनची_मावशी

पेटीवादकांनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त खरेदीचं सांगते.

आमच्याकडे फोर-के आहे. प्लेस्टेशन ५ डिस्कवाला असेल तर तो फोर-के डिस्क लावतो, वेगळा प्लेअर घ्यायला नको. (प्लेस्टेशन ४ फक्त साधी ब्लू-रे लावतो, हे कोणी दुसरं वाचत असेल तर म्हणून.) फोर-के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, ती अमेरिकेतली सांगलीत चालेल. साध्या ब्लू-रेला असू शकतं. अमेरिका 'ए'मध्ये आणि भारत 'सी'मध्ये येतो, म्हणून बरोबरची जादा माहितीची ब्लू-रे तुमच्या यंत्रावर चालते का हे विकणाऱ्याकडून विचारून घ्या. मामेभावाला सांगा, डबी बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेव. प्लॅस्टिकची डबी फुटते आणि डिस्क आत सुटी होऊन ओरखडे पडतात. आमच्या एकीचं तसं झालंय.

आणि बघण्याबद्दल एकच. सुरुवातीला फुलांवर संगीत वाजतं, ते पुढे ढकलू नका. पूर्वी थिएटरात लोक जागेवर बसेपर्यंत ते वाजे. फोर-केवर त्या फुलांच्या पाकळ्यांवरच्या शिरा दिसतात. माझ्या सासूबाई, ज्यांना इंग्रजी फारसं येत नाही, त्या फुलांपासूनच खिळून बसल्या. मध्यंतरही सिनेमातच आहे, एलायझा पांढऱ्या झग्यात जिना उतरते आणि सगळे दूतावासातल्या नाचाला निघतात तिथे. आम्ही तिथे थांबून जेवलो आणि उरलेला नंतर पाहिला. तीन तासांची भीती बाळगू नका.

मुक्ता_ठाणे

मला या सिनेमावर प्रेम आहे आणि तक्रारही आहे, दोन्ही लिहिते.

शेवट मला पटत नाही. एलायझा परत येते आणि हिगिन्स टोपी डोळ्यांवर ओढून चपला मागतो. ही गोष्ट मुळात बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली, आणि शॉनं १९१३च्या त्या नाटकात हे केलेलं नाही. लोक सारखी जोडी जुळवतायत हे पाहून त्यांनी मुद्दाम मागे टिपण जोडलं आणि एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते हे स्पष्ट लिहिलं. चपलांचा शेवट त्याच नाटकावरच्या १९३८च्या सिनेमानं आणला आणि तोच इथे आला. दोन तास मान ताठ करायला शिकलेल्या मुलीला शेवटच्या मिनिटात तिथेच आणून सोडलंय. हिगिन्सची आई (ग्लॅडिस कूपर, काय बाई आहे!) उघड एलायझाची बाजू घेते, म्हणजे लिहिणाऱ्यांना सगळं कळत होतं.

दुसरं, एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नला आवाज दुसरीचा. ब्रॉडवेवर ही भूमिका गाजवलेल्या ज्यूली अँड्रयूजला घेतलं नाही, हेपबर्नला घेतलं आणि तिची बरीचशी गाणी मार्नी निक्सनकडून गाऊन घेतली. एवढी ऑस्करं मिळाली, पण हेपबर्नला साधं नामांकनही नाही. त्याच वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर 'मेरी पॉपिन्स'साठी अँड्रयूजला गेलं. हेपबर्नवर अन्याय झाला की अँड्रयूजवर, मला अजून ठरवता येत नाही. पेटीवादक, तुमचा कान काय सांगतो?

पेटीवादक

मुक्ताताई, माझा कान सांगतो की अन्याय सगळ्यात जास्त मार्नी निक्सनवर झाला. तिनं १९५६च्या 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करला आवाज दिला, १९६१च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडला, आणि इथे हेपबर्नला. इथेही पडद्यावर तिचं नाव नाही. आपल्याला हे ओळखीचं आहे. 'महल'च्या वेळी 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून कामिनी हे पात्राचं नाव छापलं होतं, लताबाईंचं नव्हे. आपल्याकडे निदान पुढे गाणारा आणि दिसणारा अशी दोन नावं प्रेक्षकानं मनापासून स्वीकारली. मधुबाला गात नव्हती म्हणून तिचं काही कमी झालं असं इथे कोणी म्हणत नाही. अमेरिकेत हेपबर्नकडून मात्र ते मोजून घेतलं गेलं.

पण जोड ऐकायची असेल तर 'जस्ट यू वेट' लावा. सुरुवातीचा तिखट, दात-ओठ खाऊन म्हटलेला भाग हेपबर्नचा स्वतःचा आहे. मग ती राजाची स्वप्नं बघायला लागते, चाल वर चढते, आणि तिथे निक्सन येते. आवाज एकदम गोल होतो, घसा मोकळा. वाईट केलेलं नाही, फार कौशल्यानं जोडलंय, तरी चांगल्या हेडफोनवर ती जागा सापडते. नंतर रडत रडत तेच गाणं थोडंसं पुन्हा येतं, ते हेपबर्नचं. तो तुटका आवाज निक्सननं गायला असता तर सुरेल झाला असता आणि प्रसंग पडला असता.

ब्लू-रेच्या जादा भागात हेपबर्नच्या आवाजातली 'वुडन्ट इट बी लव्हर्ली' आणि 'शो मी' ही दोन गाणी चित्रासकट आहेत. ती जरूर ऐका. आवाजाला पल्ला नाही, वरचे स्वर ओढून घेतलेले आहेत, हे शिकवणारा माणूस म्हणून मला कबूल करावंच लागेल. पण 'वुडन्ट इट बी लव्हर्ली' फूल विकणाऱ्या, थंडीत कुडकुडणाऱ्या मुलीचं गाणं आहे, आणि हेपबर्नच्या कच्च्या आवाजात ती मुलगी मला जास्त खरी वाटते. माझ्या हातात असतं तर हे एक गाणं तिचं ठेवलं असतं आणि 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट' निक्सनला दिलं असतं. ते झेपायला घसा तयारच लागतो.

म्हणूनच मी डिस्कचा आग्रह धरतो. ओटीटीवर नुसता सिनेमा मिळतो, ही दोन गाणी आणि जेरेमी ब्रेटनं सादर केलेला रिस्टोरेशनचा माहितीपट मिळत नाही. (तोच ब्रेट, पुढे टीव्हीवर शेरलॉक होम्स झालेला. इथे तो फ्रेडी आहे, आणि त्याचंही गाणं दुसऱ्यानंच गायलंय!)

शेवटाबद्दल मात्र माझं वेगळं. चपला मागताना हॅरिसन टोपीनं चेहरा झाकतो. मला तो हुकूम वाटत नाही. रडवेला चेहरा तिला दिसू नये म्हणून केलेली धडपड वाटते. एलायझा पुढे राहते की नाही हे सिनेमा दाखवत नाही.

मुक्ता_ठाणे

टोपीचं मान्य. तरी ती परत का आली हे सिनेमानं तिच्या तोंडून एकदाही सांगितलेलं नाही, आणि तीच माझी तक्रार आहे. आमचं यावर एकमत होणार नाही, चालेल. हेपबर्नच्या गाण्यांसाठी मी पण डिस्क मागवतेय.

रीळ_नंबर_सहा

श्वासाचं वाचून ते शेवटचं गाणं हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. पेटीवादक, तुम्ही म्हणता ते ऐकू येतं. सिनेमा लांब आहे हे मत कायम, पण त्या गाण्याबद्दलचं माझं मत बदललं.

स्नेहल_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. फोर-के सांगून टाकली, मामेभावाला डबी कपड्यांत ठेवायचंही बजावलं. आता शेवटची शंका. आईला हल्ली कमी ऐकू येतं आणि एलायझाची सुरुवातीची गावंढळ इंग्रजी तिला नीट कळावी असं वाटतं. सबटायटल्स चालू ठेवू का, की चित्राचा विचका होईल? आणि साउंडबार घ्यावा का?

पेटीवादक

सबटायटल्स चालू ठेवा, इंग्रजीच. आईंनी भाषा शिकवलीय, एलायझा गाळते तो प्रत्येक 'ह' त्यांना ऐकायलाही हवा आणि वाचायलाही. चित्र रुंद असल्यानं वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. अक्षरं खालच्या पट्टीत पडली तर उत्तम, चित्रावर आली तरी फार अडत नाही.

साउंडबार घेणार असाल तर मधला स्पीकर वेगळा असलेला घ्या, कारण या सिनेमात बोलणं आणि हॅरिसनचं गाणं बहुतेक मधूनच येतं. घ्यायचा नसेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तसा काही पर्याय असतो, तो बोलण्याच्या प्रसंगांना लावा आणि गाण्यांना काढा. चालूच ठेवलात तर वाद्यवृंद मागे जाईल. आणि टीव्हीतलं चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर ॲस्कॉटची ती रांग टीव्ही मालिकेसारखी दिसेल.

आईंनी पाहिला की त्यांना काय वाटलं ते इथे नक्की लिहा. भक्ती बर्वेंना रंगमंचावर पाहिलेल्या प्रेक्षकाचं 'जस्ट यू वेट'बद्दलचं मत मला ऐकायचंय.